हरलेल्या युद्धाची चौकशी : कोणी आणि कुठवर?

युद्धात देशाची नामुष्की झाली की सरकारे बहुधा एक समिती नेमतात, तिच्यावर सेनाधिकारी, न्यायाधीश, माजी मंत्री, मुरलेले सनदी अधिकारी अशा जाणकार मंडळींची नियुक्ती करतात आणि ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या अहवालापर्यंत लांबणीवर टाकतात. ज्या व्यवस्थेच्या हातून युद्ध हरले तिच्याच मुशीतून घडलेली माणसे तिचे परीक्षण करायला बसल्यावर त्यातून सत्य किती बाहेर येणार, ही शंका सामान्य नागरिकाच्या मनात येते आणि तिला पुष्कळ आधार आहे. मात्र ही शंका बहुतेक वेळा समितीतल्या माणसांवर रोखली जाते, तर इतिहासातली उदाहरणे पाहिली असता असे दिसते की माणसे सचोटीची असूनही चौकशी लंगडी पडू शकते आणि माणसे सत्तेच्या गोटातली असूनही चौकशी सत्तेला झोंबणारे बोलू शकते. निर्णायक ठरतात त्या दोन बाबी : चौकशीला कोणत्या पायरीच्या वर चढण्याची मनाई होती आणि तयार झालेला अहवाल कोणाच्या कुलपात गेला. महाराष्ट्राचा, आणि त्यातही पुण्याचा, अशा दोन चौकशांशी जवळचा संबंध आहे.

पहिली चौकशी १९६२ च्या चीन युद्धाची. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या, नामका चू नदीवर आणि लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. नामका चूवरची ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ वी इन्फंट्री ब्रिगेड पहिल्याच दिवशी उद्ध्वस्त झाली आणि दळवी पुढे दोन दिवसांत शत्रूच्या हाती सापडले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिला ही ठाणी पडली, लष्करप्रमुख जनरल थापर यांनी राजीनामा दिला आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेले संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्याआधीच पायउतार झाले होते आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावून घेण्यात आले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे त्या वेळचे उद्गार मराठी घराघरात अजूनही ऐकू येतात, आणि त्यातला अभिमान खोटा नाही, कारण खचलेल्या सैन्याची उभारणी चव्हाणांनी खरोखरच नेटाने केली. पराभवाच्या चौकशीचा अहवालही त्यांच्याच टेबलावर येणार होता.

चव्हाणांना चौकशी आयोग हा प्रकार नवा नव्हता. ते मुख्यमंत्री असतानाच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले होते आणि त्या दुर्घटनेसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर यांचा व त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग बसला होता. अशा आयोगाला १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचे बळ असते, म्हणजे तो साक्षीदारांना समन्स काढू शकतो, शपथेवर जबानी घेऊ शकतो आणि सरकारी दप्तर मागवू शकतो. चीन युद्धाच्या पराभवाला असला आयोग मिळालाच नाही. नवे लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये सैन्यांतर्गत आढावा घेण्याचा हुकूम काढला आणि तो लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत या दोघांकडे सोपवला. चौकशीचे विषय ठरवून दिलेले होते : प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि आपल्या हाताखालच्या माणसांवर प्रभाव पाडण्याची सेनानायकांची कुवत. युद्ध कोणत्या धोरणातून ओढवले आणि ते धोरण कोणी ठरवले, हा विषय यादीत नव्हता.

या दोघांच्या सचोटीबद्दल कोणालाही संशय घेता येणार नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण इतके बोलके आहे. भगत मूळचे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे ज्या अभियंता दलाचे केंद्र पुण्यात खडकीला मुळेच्या काठी आहे, त्या दलाचे. १९४१ साली ॲबिसिनियाच्या मोहिमेत सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे नेतृत्व करताना त्यांनी सलग चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, ५५ मैलांच्या टप्प्यातली १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. त्यांचे वाहन दोनदा सुरुंगावर उडाले, सोबतची माणसे पडली, तिसऱ्यांदा शत्रूने दबा धरून गोळीबार केला आणि तरीही त्यांनी काम दुसऱ्याच्या हाती दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी ठरले. असा माणूस वरिष्ठांच्या भीतीने लेखणी आवरती घेईल, हे संभवत नाही. पण लष्कराच्या मुख्यालयाचा कारभार तपासायचा नाही, अशी सूचना लष्करप्रमुखांनीच दिली होती. चौकशी वरून खाली, म्हणजे मुख्यालयापासून सुरू करून रणांगणापर्यंत, नेणे हाच सरळ मार्ग ठरला असता, असे दोघा लेखकांनी अहवालात नोंदवून ठेवले आहे. तो मार्ग बंद असल्याने त्यांना खालच्या कचेऱ्यांत पोहोचलेल्या हुकमांवरून आणि पत्रव्यवहारावरून वर काय घडले असावे हे ताडावे लागले. मंत्रिमंडळाची आणि गुप्तवार्ता विभागाची कागदपत्रे तर त्यांच्या आवाक्याबाहेरच होती.

तरीही त्यांनी जेवढे खणता येईल तेवढे खणले. २ नोव्हेंबर १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत लडाखमध्ये शक्य तितके पुढे सरकून चौक्या उभारण्याचे ठरले, हेच पुढे ‘फॉरवर्ड पॉलिसी’ म्हणून ओळखले जाणारे धोरण. परंतु त्याच निर्णयात या विरळ चौक्यांच्या पाठीशी मोठे सैन्य आणि पक्के तळ असावेत, अशीही तरतूद होती. ५ डिसेंबरला लष्कराच्या मुख्यालयातून खाली जो हुकूम गेला त्यातून ही पाठबळाची अट गळाली. परिणामी, दाणागोटा विमानातून टाकावा लागणाऱ्या, मूठभर जवानांच्या चौक्या चिनी ठाण्यांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागे काहीच नव्हते. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलतसिंह यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये मुख्यालयाला लेखी बजावले होते की हे धोरण आपल्या बळाला झेपणारे नाही. त्या पत्राने दिशा बदलली नाही. पूर्वेकडे थागला कड्यावरून चिन्यांना हुसकावण्याच्या योजनेवर आक्षेप घेणाऱ्या लेफ्टनंट जनरल उमरावसिंह यांच्याकडून नेफाची जबाबदारी काढून घेतली गेली आणि ती नव्याने उभारलेल्या ४ थ्या कोअरकडे, म्हणजे लढाईत मोठी तुकडी हाताळण्याचा अनुभव नसलेल्या लेफ्टनंट जनरल कौल यांच्याकडे, आली. चीन बळाने उत्तर देणार नाही, हे गुप्तवार्ता विभागाचे अनुमान मुख्यालयाने पारखून न घेता स्वीकारले, हाही अहवालाचा ठपका आहे.

हे सारे आज कळते ते सरकारने सांगितले म्हणून नव्हे. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले, प्रशिक्षण, सामग्री आणि नेतृत्व यांतल्या उणिवांचा सावध शब्दांत सारांश सांगितला आणि मूळ अहवाल प्रसिद्ध केल्यास शत्रूचा फायदा होईल व सैन्याच्या मनोधैर्याला बाधा येईल, या कारणाने तो रोखून धरला. त्यांचे त्या काळातले खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे लिहिले आहे की पंतप्रधान किंवा माजी संरक्षणमंत्री यांच्या भूमिकेवर शिंतोडे न उडता चौकशी पार पाडणे ही त्या दिवसांतली चव्हाणांची सर्वांत अवघड कसोटी होती आणि सैन्याचा राजकीय नेतृत्वावरचा विश्वास टिकवणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. सीमेवर शत्रू उभा असताना, खचलेले सैन्य हाताशी असताना एका जबाबदार मंत्र्याने असा निर्णय घेणे समजण्यासारखे आहे, आणि त्यासाठी चव्हाणांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण १९६३ मध्ये एका प्रसंगापुरता घेतलेला हा निर्णय पुढच्या प्रत्येक सरकारने रिवाज म्हणून चालवला, त्याचे समर्थन मात्र कोणत्याही युद्धशास्त्राने करता येत नाही.

माहितीच्या अधिकाराखाली ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी हा अहवाल मागितला, तेव्हा केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये त्याचा कोणताही भाग देता येणार नाही असा निर्णय दिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की त्यातला मजकूर आजच्या लष्करी हालचालींच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्याकडे या अहवालाच्या पहिल्या खंडाची प्रत फार पूर्वीच पोहोचली होती आणि १९७० मधल्या त्यांच्या पुस्तकात तिचा वापरही झाला होता. २०१४ च्या आरंभी त्यांनी त्या खंडाचा बहुतेक भाग इंटरनेटवर खुला केला. विरोधी पक्षात असताना अरुण जेटली यांनी अशी कागदपत्रे अनिश्चित काळ दडवण्याविरुद्ध लिहिले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून त्यांनीच राज्यसभेत अहवाल खुला करणे राष्ट्रहिताचे नाही असे उत्तर दिले. आज खराडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा एखादा तरुण ही पाने चहाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचू शकतो, बीजिंगमधला अभ्यासक तर नक्कीच वाचू शकतो, आणि तरीही भारतीय राज्याच्या लेखी तो मजकूर अतिगोपनीय आहे. शत्रूपासून लपवण्याचे कारण संपल्यावरही नागरिकांपासून लपवणे चालू राहते, तेव्हा नागरिकाचा अविश्वास हा त्याचा दुराग्रह राहत नाही.

गुप्ततेने आणखी एक नुकसान केले. अधिकृत निष्कर्ष लोकांपुढे नसल्यामुळे प्रत्येक संबंधिताने आपापला बचाव ग्रंथरूपाने मांडला : कौल यांचे आत्मकथन १९६७ मध्ये, दळवींचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये, गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक यांचे पुस्तक १९७१ मध्ये आले आणि वाचकाने ज्याला आधी वाचले त्याचा तो झाला. अहवालात नेहरूंविरुद्ध स्फोटक काही असणार म्हणूनच तो दडवला आहे, अशी समजूतही पक्की झाली. प्रत्यक्षात उघड झालेल्या पानांचा रोख सरकारपेक्षा लष्करी मुख्यालयावर अधिक आहे. सरकारने धोरण आखताना बाळगलेली सावधगिरी मुख्यालयाने अंमलबजावणीत सोडून दिली, असा त्याचा सूर आहे. ही पाने वाचून नेहरूंचे समर्थक त्यांना निर्दोष ठरवतात, पण तेही घाईचे आहे, कारण ज्या समितीला सरकारची कागदपत्रे पाहण्याची मुभाच नव्हती तिने सरकारवर ठपका ठेवला नाही याचा अर्थ सरकार निर्दोष होते असा होत नाही. चौकशी जिथे गेलीच नाही तिथल्या मौनाला दोषमुक्ती समजणे, ही चौकशी अहवाल वाचणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, आणि सत्तेला ती नेहमीच सोयीची पडते.

दुसरी चौकशी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात पुण्याचे नाव थेट येते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी ६ वी ‘पूना डिव्हिजन’ उतरली तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या त्या पूर्वज. कोकणातल्या आणि देशावरच्या या जवानांना घेऊन जनरल टाउनशेंड बगदादच्या रोखाने निघाले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे त्यांची आगेकूच मोडली, मागे हटून ते कूत अल अमाराला वेढ्यात अडकले आणि १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. त्यांतली हजारो तुर्कांच्या कैदेत मेली.

ब्रिटिश पार्लमेंटने यासाठी खास कायदा करून आयोग नेमला, आणि त्याचे अध्यक्षपद लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्याकडे दिले. पुणेकरांना हे नाव ओळखीचे असायला हवे, कारण १८९७ मध्ये प्लेगच्या काळातल्या अत्याचारांनी शहर धुमसत होते, रँडचा वध झाला, नातू बंधूंना खटल्याविना स्थानबद्ध केले गेले आणि टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा लंडनमध्ये भारतमंत्री हेच हॅमिल्टन होते. भारताचा कारभार स्वतः हाकलेला, त्याच वर्तुळात वावरलेला हा माणूस, आणि त्याच्याबरोबर सरदार, खासदार, एक ॲडमिरल, एक जनरल, सगळे ब्रिटिश. सत्तेच्या गोटातली समिती म्हणतात ती याहून वेगळी नसते.

आणि तरीही जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल कठोर निघाला. बगदादवर चालून जाण्याचा अविचारी निर्णय मोहिमेचे सेनापती जनरल निक्सन यांचा, पण पुरेशी जहाजे, दारूगोळा आणि वैद्यकीय मदत नसताना त्याला संमती देण्याची जबाबदारी व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती बोशँ डफ आणि लंडनमधले भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांच्यापर्यंत पोहोचते, असे त्याने नावानिशी लिहिले. जखमींच्या हालांचे प्रकरण तर आजही सुन्न करते. टेसिफोनहून ‘मेजिदिया’ नावाची आगबोट बसऱ्याला आली तेव्हा हॉस्पिटल जहाजावरचे डॉक्टर मेजर कार्टर यांना तिच्या बाजूंवरून दोर लोंबत असल्याचा भास झाला. जवळ गेल्यावर दिसले की तो डेकवर खच्चून भरलेल्या शेकडो जखमींचा मैला होता, कारण त्यांना हलायलाही जागा नव्हती आणि हाडे मोडलेली माणसे दिवसचे दिवस तशीच पडून होती. निक्सन यांच्या तारा मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळवत होत्या, आणि जे दिसले ते सांगणाऱ्या कार्टर यांना वरिष्ठांनी लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी दिली होती. आयोगाने कार्टर यांची जबानी अहवालात सविस्तर घेतली. ती अहवालात राहिली म्हणूनच ती आज मराठी वाचकालाही ठाऊक होऊ शकते, आणि ज्या आगबोटींवर आपल्याकडची माणसे कण्हत पडली होती त्यांची एवढी तरी साक्ष शिल्लक उरली.

हॅमिल्टन आयोगाला असे बोलता आले, कारण कायद्याने त्याला वरपर्यंत जाण्याची मुभा दिली होती आणि अहवाल पार्लमेंटपुढे येणार होता. त्यातल्या एका सदस्याने, जोसाया वेजवुड यांनी, स्वतंत्र मत नोंदवून आणखी पुढे जाण्याचे धाडस केले. मात्र अहवालानंतर जे घडले तिथे साशंक नागरिकाची बाजू पुन्हा बळकट होते. चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी पुढच्या महिन्यात भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. पण हार्डिंग तोवर लंडनमध्ये परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी झाले होते, त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला नाही आणि दोषींसाठी न्यायाधिकरण नेमण्याची चर्चा हवेत विरली. बसऱ्याजवळच्या स्मारकावर या मोहिमेतल्या ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत, तर साध्या भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या.

चौकशीची चौकट सत्तेने आपल्या बाजूने आखण्याचे प्रकार इतरत्रही झाले आहेत. १९७३ च्या युद्धात गाफील पकडल्या गेलेल्या इस्रायलमध्ये सरन्यायाधीश शिमोन अग्रनात यांच्या आयोगात दोन माजी लष्करप्रमुख होते. त्याने एप्रिल १९७४ मध्ये लष्करप्रमुख आणि लष्करी गुप्तवार्ता प्रमुख यांना घरी पाठवण्याची शिफारस केली, मात्र पंतप्रधान गोल्डा मेयर व संरक्षणमंत्री मोशे दायान यांना झळ लागू दिली नाही. लोकांनी ती वाटणी मान्य केली नाही. युद्धातून परतलेले सैनिक रस्त्यावर उतरले आणि मेयर यांना काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. पाकिस्तानात ढाक्याच्या शरणागतीनंतर भुट्टो यांनी न्यायमूर्ती हमूदुर रहमान आयोग नेमला. पूर्व पाकिस्तानच्या पेचात ते स्वतःच एक पक्ष होते. तो अहवाल जवळजवळ तीन दशके दडून राहिला आणि भारतीय नियतकालिकात त्याचा भाग छापून आल्यावर, २००० सालच्या अखेरीस, पाकिस्तानने तो खुला केला.

भारताने कारगिलनंतर यातून थोडे शिकल्यासारखे दिसते. जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला, त्यातून संरक्षण व्यवस्थेत बदलही झाले. मात्र तिलाही चौकशी आयोगाचे अधिकार नव्हते, अध्यक्ष स्वतः राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक होते, सदस्य-सचिव राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाचे प्रमुख होते आणि व्यक्तींवर जबाबदारी ठरवणे समितीने टाळले. घुसखोरी वेळेत का कळली नाही, याची व्यवस्थेच्या पातळीवरची उत्तरे तिने दिली. कोणाच्या टेबलावर कोणती सूचना अडली, हे मात्र वाचकाला त्यातून कळत नाही.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध-इतिहासांचे संकलन आणि कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले, ज्यात कारगिल समितीच्या शिफारशीचाच हवाला आहे. त्यानुसार युद्ध संपल्यापासून पाच वर्षांत त्याचा इतिहास लिहून व्हावा, आणि पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रे तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत अशी अपेक्षा आहे. मात्र काय खुले करायचे याचा निर्णय त्या त्या वेळी मंत्रालयाकडेच राहतो. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांच्या अहवालाला पंचवीस वर्षे १९८८ मध्येच पूर्ण झाली. मॅक्सवेल यांनी खुला केला तो पहिला खंड, आणि तोही अपुरा. पुरवण्यांचा दुसरा खंड मंत्रालयाच्या ताब्यातून अजून बाहेर आलेला नाही.